चार नंबरची एरर

“आला बघा मॅडम तुमचा लाल डबा,” मामा म्हणाले आणि त्यांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली. पुढची तीस सेकंदं त्यांना काही काम नव्हतं.

डिसेंबर २०१२. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याची केबिन, रात्रीचे अडीच. खिडकीबाहेर उसाने लादलेले ट्रॅक्टर, प्रत्येकामागे दोन ट्रॉल्या, मधूनच एखादी टायरगाडी. रांग पार केनयार्डाच्या फाटकाबाहेर गेलेली. काट्यावर चढलेल्या ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला. स्क्रीनवर लाल चौकटीत वाक्य होतं, ‘काट्याशी संपर्क तुटला, पुन्हा जोडत आहे’. ते मीच लिहिलं होतं, पुण्यात ऑफिसात बसून, आणि ते कधी कुणाला दिसेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आमची कंपनी लहान. काट्याचा प्रोग्रॅम सी भाषेत, लिनक्सवर चालायचा. काम साधं होतं. ऑपरेटर गाडीचा टोकन नंबर टाकून एंटर मारतो, वजन स्थिर झालं की इंडिकेटरवरचं बटण दाबतो, इंडिकेटर सीरियल केबलवरून आकडे पाठवतो, प्रोग्रॅम ते उचलतो आणि पावती छापतो. भरल्या गाडीचं वजन एकदा, गव्हाणीत ऊस टाकून आल्यावर रिकाम्या गाडीचं एकदा. वजाबाकी उरते तो शेतकऱ्याचा ऊस. आदल्या हंगामात हे सगळं बिनतक्रार चाललं होतं. या हंगामात रोज रात्री आठ-दहा वेळा लाल डबा.

माझ्या आधी दोन माणसं जाऊन आली होती. केबल बदलली, अर्थिंग तपासलं, इंडिकेटरचा बोर्ड साफ केला. केनयार्डाच्या साहेबांचा उंदरांवर संशय होता. दिवसपाळीत हे कधीच व्हायचं नाही, फक्त रात्री, म्हणून दवाचा सिद्धांत सर्वांना पटला होता. रात्री दव पडतं, केबलच्या जोडात पाणी शिरतं, सकाळी उन्हाने सुकतं. ऐकायला इतकं छान, की मीसुद्धा दिवसभर त्या जोडाला टेप गुंडाळत बसले होते.

खरं तर आधी लॉग बघायला हवा होता. लॉगमध्ये फक्त एवढंच यायचं, की रीडने उणे एक परत दिला. उणे एक म्हणजे काहीतरी चुकलं. काय चुकलं ते एरनो नावाच्या चलात असतं, आणि तो छापायची तसदी मी घेतली नव्हती. त्या रात्री अकराला एक ओळ वाढवली आणि प्रोग्रॅम पुन्हा चढवला. अडीचला लाल डबा आला आणि लॉगमध्ये आकडा पडला, ४.

केबल तुटल्याने ४ येत नाही. आला तर ५ येतो, म्हणजे इनपुट-आउटपुट एरर, किंवा शून्य बाइट येतात. ४ म्हणजे ईआयएनटीआर, आम्ही बोलताना ‘ई-इंटर’ म्हणतो. सिस्टीम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलला सांगितलेलं काम, मध्येच थांबवला गेला, एवढाच त्याचा अर्थ. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. केबल बिचारी ठणठणीत होती.

मग मी स्क्रीन सोडून मामांकडे बघत बसले. पंचवीस वर्षं काट्यावर काढलेला माणूस. गाडी काट्यावर पुरती चढायच्या आत त्यांचं टोकन टाकून झालेलं असायचं. मागच्या गाडीची पावती प्रिंटरवर अजून किरकिरत असायची, आणि यांचा एंटर पडलेला. चौथ्या-पाचव्या वेळी माझ्या कानांनी ते पकडलं. डॉट मॅट्रिक्सचा तो कर्कश आवाज थांबला, आणि त्याच क्षणी लाल डबा आला. दिवसपाळीचा ऑपरेटर टोकन आधी वहीत लिहायचा, मग कॉम्प्युटरमध्ये. तेवढ्यात पावती छापून झालेली असायची. दवाचा काही संबंध नव्हता, मामांच्या चपळाईचा होता.

आता काय घडत होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पावती छापायला आमचा प्रोग्रॅम एक पोर प्रोसेस काढायचा. छपाई संपली की ते पोर मरतं, आणि कर्नल बापाला सिगचाइल्ड हा सिग्नल देतो, म्हणजे हाक मारतो, की तुझं पोर गेलं, त्याची नोंद घे. ही हाक ऐकायला आम्ही एक छोटं फंक्शन नेमलं होतं, त्याला हँडलर म्हणतात. पण त्या वेळी बाप काय करत असतो? तो रीडमध्ये झोपलेला असतो. रीड म्हणजे कर्नलला सांगणं, की या केबलवर काही आलं तर मला उठव. तो झोपतो ते कर्नलच्या घरात, आणि हँडलर आहे प्रोग्रॅमच्या घरात. हँडलर चालवायचा तर प्रोसेसला उठवून कर्नलच्या बाहेर काढावंच लागतं. मग अर्धवट राहिलेल्या त्या रीडचं काय करायचं?

युनिक्सचं मूळ उत्तर असं: काही करायचं नाही. रीडने उणे एक परत द्यावा, एरनोमध्ये ४ ठेवावा, आणि पुन्हा झोपायचं की नाही ते प्रोग्रॅमने बघावं. माझा प्रोग्रॅम काही बघत नव्हता. उणे एक दिसला की केबल तुटली असं समजून पोर्ट बंद करायचा आणि तीस सेकंदांनी उघडायचा. मधल्या वेळात मामांनी बटण दाबलं तर ते वजन हवेत.

मग आदल्या हंगामात कसं चाललं? हा प्रश्न मी पहाटे चारला विचारला आणि उत्तर सापडल्यावर कुणाला सांगू नये असं वाटलं. जुन्या कोडमध्ये हँडलर लावायला सिग्नल नावाचंच जुनं फंक्शन वापरलं होतं. त्याच्या मॅन्युअल पानावर स्वच्छ लिहिलंय, की हे वापरायचं टाळा, सिगॲक्शन वापरा. मी उन्हाळ्यात कोड साफ करायला घेतला तेव्हा हा सल्ला मानला. सिगॲक्शनला फ्लॅग द्यावे लागतात. मी शून्य दिला. नीटनेटका शून्य. जुनं फंक्शन मात्र लिनक्सच्या सी लायब्ररीत आतल्या आत एसए-रीस्टार्ट हा फ्लॅग लावून ठेवतं. तो असला की हँडलर संपल्यावर कर्नल रीड आपणहून पुन्हा सुरू करतो, प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. म्हणजे गबाळा कोड बरोबर होता आणि सुधारलेला कोड चूक.

पुण्याला ऑफिसातल्या सरांना फोन केला तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. मी पहिलं वाक्य पुरं करायच्या आत ते म्हणाले, “रीस्टार्ट टाकला नव्हतास ना?” आणि ठेवला.

फ्लॅग टाकला. शिवाय रीडभोवती एक लूप घातलं: उत्तर उणे एक असेल आणि एरनो ४ असेल तर पुन्हा रीड. दुसरी रात्र बसून काढली, लाल डबा आला नाही. मामा म्हणाले, “झालं? एवढंच होतं?” मीही तसंच समजत होते.

पुण्याला परतल्यावर स्वस्थ बसवेना. आमच्या कोडमध्ये थांबून राहणारे कॉल रीडशिवाय दहा-बारा तरी होते, आणि त्यांतला कुठला हाक ऐकल्यावर कसा वागतो हे मला पाठ नव्हतं. मॅन्युअलमध्ये यादी आहे. पण मॅन्युअलचं न ऐकल्याने नव्हे, ऐकल्याने मी फसले होते. म्हणून शंभर पानी वही घेतली, उभ्या रेघा मारल्या, आणि एकेक कॉल स्वतः मोडून बघायचं ठरवलं. रात्री जेवणानंतर दोन टर्मिनल उघडायचे. एकात चाचणीचा प्रोग्रॅम, दुसऱ्यातून किल कमांडने सिगयूजर-वन सोडायचा. नाव किल असलं तरी ती मारतेच असं नाही, नुसता सिग्नल पोचवते.

चाचणीच्या हँडलरमध्ये काहीही करायचं नाही, फक्त एक फ्लॅग उचलायचा, ही शिस्त पहिल्याच दिवशी लागली. मी उत्साहाने त्यात प्रिंटएफ टाकला होता. हँडलर कुठल्याही दोन सूचनांच्या मध्ये घुसतो. मुख्य प्रोग्रॅमही तेव्हा प्रिंटएफच्या पोटात असेल तर आतली गुंतागुंत दोघांच्या हातात एकदम येते. चाचणीचा प्रोग्रॅम लटकला आणि कर्नलचा मोठा बग सापडला या भ्रमात मी अर्धा तास घालवला.

वहीतली पहिली ओळ पाइपवरच्या रीडची. पाइपच्या दुसऱ्या टोकाला कुणी लिहीत नाही, रीड झोपलेला. फ्लॅग शून्य ठेवून सिग्नल मारला, उणे एक आणि ४. एसए-रीस्टार्ट लावून मारला, काही नाही, झोप चालूच. हे अपेक्षित होतं. पण मी सोबत एसट्रेस लावला होता, तो प्रत्येक सिस्टीम कॉल आणि त्याचं उत्तर ओळीने दाखवतो, आणि त्यात एक मजा दिसली. रीडच्या उत्तराच्या जागी प्रश्नचिन्ह होतं आणि पुढे ई-रीस्टार्ट-सिस असं नाव. ही एरर मॅन्युअलच्या एररच्या यादीत नाही, कारण ती बाहेर येण्यासाठी नाहीच. तिचा आकडा ५१२. कर्नलने स्वतःशी ठेवलेली ती चिठ्ठी असते, की हा कॉल अर्धवट आहे, बाहेर पडताना ठरव. फ्लॅग नसेल तर दारात चिठ्ठी फाडून हातात ४ ठेवला जातो. फ्लॅग असेल तर कर्नल एक हुशारी करतो. आपल्या नेहमीच्या ६४ बिटी प्रोसेसरवर सिस्टीम कॉलची सूचना दोन बाइटांची असते. कर्नल प्रोग्रॅमचा ‘पुढची सूचना कुठली’ हा काटा दोन बाइट मागे सरकवतो आणि कॉलचा नंबर पुन्हा रजिस्टरमध्ये ठेवतो. हँडलर संपून प्रोग्रॅम जागेवर येतो तो नेमका त्या सूचनेच्या तोंडाशी. त्याला वाटतं आपण आत्ताच पोचलो. तो पुन्हा रीड करतो.

दोन बाइट मागे. त्या रात्री मी हे आमच्या घरात सगळ्यांना सांगितलं, कुणीही विचारलं नसताना.

सरांनी या निमित्ताने एक जुना निबंध वाचायला दिला, रिचर्ड गेब्रियल या अमेरिकी लिस्प प्रोग्रॅमरचा, १९९० च्या आसपासचा. त्यात एमआयटीचा एक जण आणि बर्कलीहून आलेला युनिक्सवाला भेटतात आणि बोलणं नेमकं यावरच येतं, की लांबलेल्या सिस्टीम कॉलमध्ये व्यत्यय आला तर काय. एमआयटीच्या आयटीएस या सिस्टीममध्ये कर्नल सगळं आवरून प्रोग्रॅमचा काटा कॉलच्या सूचनेवर मागे नेऊन ठेवायचा. युनिक्स एरर देऊन मोकळा होतो, आणि ते एमआयटीवाल्याला अजिबात पटत नाही. या निबंधावरून आजवर खूप शाई सांडली आहे. मला त्यातली गंमत वेगळीच वाटते. बर्कलीच्याच ४.२ बीएसडीने १९८३ मध्ये कॉल आपोआप पुन्हा सुरू करायची सोय आणली, आणि मग लोकांची तक्रार आली, की काही वेळा आम्हाला व्यत्यय हवा असतो. ४.३ मध्ये ती सोय सिग्नलगणिक बंद करता येऊ लागली. दोन्ही बाजूंना दुसऱ्याची गरज पडली.

वहीतली दुसरी ओळ डिस्कवरच्या फाइलची. मोठी फाइल वाचायला लावली आणि टायमरने दर मिलिसेकंदाला सिगअलार्म सोडला. हजारो सिग्नल, ४ एकदाही नाही. साध्या फाइलवरचं वाचन ‘मंद’ कॉलमध्ये मोडत नाही. डिस्क उत्तर देणारच असं गृहीत असतं, म्हणून तेवढ्यापुरतं हाक मारून उठवायची सोयच ठेवलेली नाही. पीएस कमांडमध्ये अशा प्रोसेसपुढे डी दिसतो. नेटवर्कवरची डिस्क गायब झाली तर हे गृहीतक कसं महागात पडतं ते पुढे दुसऱ्या नोकरीत भोगलं. नऊ नंबरचा सिग्नल मारूनही न मरणारी प्रोसेस बघितली की नवख्या माणसाचा देवावरचा विश्वास डळमळतो.

तिसऱ्या ओळीने मला खरा धक्का दिला, कारण माझं लूप तिथे चुकीचं ठरलं. पाइपमध्ये एक लाख बाइट लिहायला सांगितले, वाचणारा कुणी नाही. लिनक्सचा पाइप नेमका ६५,५३६ बाइटांना भरतो, मग राइट झोपी जातो. सिग्नल मारला. उणे एक येईल म्हणून बघत होते, आलं ६५,५३६. एरर नाहीच. रीस्टार्टचा फ्लॅग लावून पाहिला, तेच उत्तर. बरोबरच आहे. इतके बाइट पाइपमध्ये गेलेत, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं तर ते दोनदा जातील. पण माझा कोड फक्त उणे एकची वाट बघत होता. अर्धवट आकडा त्याने यश म्हणून स्वीकारला असता आणि उरलेले ३४,४६४ बाइट कुणीच पाठवले नसते. काट्याचा प्रोग्रॅम पावत्यांची रोजची नोंद मुख्य ऑफिसला पाइपमधूनच पाठवायचा. त्या रात्री मी ऑफिसचे जुने लॉग काढले. तसं कधी घडलेलं नव्हतं, नोंदी छोट्या होत्या. झोप मात्र उशिरा लागली.

सिलेक्ट आणि पोल, म्हणजे एकाच वेळी अनेक ठिकाणी वाट बघणारे कॉल, यांची ओळ लवकर संपली. त्यांना एसए-रीस्टार्ट लावला काय, न लावला काय, ते ४ देतातच. झोपेच्या कॉलचंही तेच, फक्त तो उरलेली झोप हातात देतो. दहा सेकंद झोपवलं, तिसऱ्या सेकंदाला उठवलं, त्याने सातला जरा कमी असा आकडा दिला. तेवढं पुन्हा झोपवायचं. पण असं वारंवार उठवून पुन्हा झोपवत राहिलं तर प्रत्येक वेळी थोडं इकडेतिकडे होतं आणि दहाचे जास्त होतात. म्हणून दहा सेकंद झोप असं न सांगता अमुक वाजेपर्यंत झोप असं सांगायचा वेगळा कॉल आहे. आईने दुपारी ‘तासाभराने उठव’ म्हणावं, की ‘चारला उठव’ म्हणावं, तोच फरक. मध्ये कितीदा दाराची बेल वाजली याचा चारशी संबंध नाही.

मग एक ओळ अशी आली जिच्यात हँडलरच नव्हता. ई-पोलमध्ये झोपलेला प्रोग्रॅम, सिग्नलची काहीही व्यवस्था न केलेला. कंट्रोल-झेड दाबून थांबवला, एफजी म्हणून पुढे चालू केला, आणि ई-पोलने ४ दिला. तोच प्रयोग पोलवर केला तर तो गुपचूप पुन्हा झोपला. मी हे तीनदा करून बघितलं, कारण व्यत्यय म्हणजे हँडलर असा माझा समज पक्का होता. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं आहे, बऱ्याच खाली, एका परिच्छेदात. करून बघितल्यावरच तो परिच्छेद दिसला. आधीही तो तिथेच होता.

थ्रेडच्या ओळीला दोन रात्री गेल्या. दोन थ्रेड, त्यातला दुसरा रीडमध्ये झोपलेला. सिग्नल मारला, हँडलर चालला, फ्लॅग उचलला गेला, आणि रीड ढिम्म. सिग्नल प्रोसेसच्या नावाने येतो, तो कुठल्या थ्रेडने घ्यायचा हे कर्नल ठरवतो, आणि मुख्य थ्रेड मोकळा असेल तर बहुधा त्यालाच देतो. वाड्यात हाक आली, ओसरीवरचा ‘ओ’ म्हणाला, माजघरात झोपलेल्याला कशाला कोण उठवेल? पीथ्रेड-किलने थेट त्या थ्रेडच्या नावाने हाक मारली तेव्हा तो उठला.

आणि क्लोज. फाइल किंवा पोर्ट बंद करायचा हा कॉलही ४ देऊ शकतो. सगळीकडे लूप घालायची सवय लागली होती, इथेही घातलं होतं. सरांनी कोड बघताना तिथे बोट ठेवलं आणि म्हणाले, “तुझ्या काट्यावर टोकन असतात ना?” मग उलगडा झाला. लिनक्समध्ये क्लोजने ४ दिला तरी तो नंबर तेव्हाच मोकळा झालेला असतो. सात नंबरचं टोकन जमा झालं, आणि लगेच पुढच्या गाडीला सातच दिलं गेलं. आता मी लूपमधून परत ओरडले, की सात रद्द करा, तर माझं काही जात नाही, त्या दुसऱ्या गाडीचं टोकन रद्द होतं. एकाहून जास्त थ्रेड असले तर कुणाचा तरी उघडा पोर्ट भलत्याच हाताने बंद होतो, आणि तो बग शोधायला आयुष्य पुरत नाही. एचपी-यूएक्ससारख्या काही सिस्टीमवर उलट आहे, तिथे नंबर उघडाच राहतो. माझ्या मशीनवर क्लोजकडून ४ काही मिळवता आला नाही. वहीत त्या ओळीपुढे लिहिलंय: एकदाच. परत नाही.

वही इथवर आली आणि जानेवारीत कारखान्यातून फोन आला. रात्री वीज ट्रिप झाली होती. यूपीएसची बॅटरी उतरत आल्यावर कॉम्प्युटर आपणहून बंद झाला, तोवर ठीक. पण शिफ्टची एकूण बेरीज लिहिलीच गेली नव्हती. केनयार्डाच्या साहेबांनी सकाळी शिफ्टच्या सगळ्या पावत्या हाताने जोडल्या आणि मग मला फोन केला. त्यांचा आवाज अतिशय शांत होता.

बंद होताना सिस्टीम प्रत्येक प्रोग्रॅमला आधी सिगटर्म देते, म्हणजे आवरा, आणि काही सेकंदांनी नऊ नंबर, तो आवरायला वेळ देत नाही. आमच्या सिगटर्मच्या हँडलरमध्ये ‘बंद व्हायचंय’ असा फ्लॅग उचलला जायचा. या हंगामाच्या सुरुवातीला, रीस्टार्ट नसताना, रीड ४ देऊन बाहेर यायचा, मुख्य लूप फ्लॅग बघायचं, बेरीज लिहायचं, संपायचं. मी डिसेंबरात काय केलं होतं? सगळ्या सिग्नलना रीस्टार्ट लावला होता, आणि वरून लूप: ४ आला की पुन्हा झोप. ‘आवरा’ अशी हाक आली, हँडलरने फ्लॅग उचलला, आणि प्रोग्रॅम पुढच्या गाडीच्या वजनाची वाट बघत परत झोपला. अंधारात, जिथे एकही गाडी काट्यावर चढणार नव्हती.

लाल डबा ज्या व्यत्ययामुळे यायचा तोच व्यत्यय शिफ्टची बेरीज वाचवत होता. मी दोन्ही बंद केले.

आता सिगचाइल्डला रीस्टार्ट ठेवला, सिगटर्मचा काढला, आणि लूपमध्ये पुन्हा झोपण्यापूर्वी फ्लॅग बघायला लावला. हे पुरतं असं वाटतं. चाचणी लिहिली: प्रोग्रॅम सुरू करायचा, मनाला येईल त्या क्षणी सिगटर्म मारायचा, तो संपला का बघायचं, रात्रभर हेच. सकाळी बघितलं तर हजारोंमधले दोन-चार लटकलेले. कारण फ्लॅग बघणं आणि रीडमध्ये शिरणं यांच्यात एक बारीक फट आहे. फ्लॅग बघितला, खाली आहे. त्याच फटीत सिग्नल आला, फ्लॅग वर गेला, पण तो आपण बघून झालाय. रीडमध्ये शिरलो ते कायमचे. खात्री करायला त्या दोन ओळींच्या मध्ये मुद्दाम एका सेकंदाची झोप घालून फट रुंद केली, आणि मग दर वेळी, हटकून, लटकला. सापडत नसलेला बग असा हातात आणायच्या युक्तीचा मला नंतरही फार उपयोग झाला.

त्यावरचा जुना उपाय डॅनियल बर्नस्टाइन यांच्या नावाने सांगितला जातो. प्रोग्रॅम स्वतःसाठीच एक पाइप काढतो. हँडलर त्यात एक बाइट टाकतो, बस. मुख्य लूप पोलमध्ये दोन गोष्टींची वाट बघतं, सीरियल पोर्ट आणि हा पाइप. सिग्नल फटीत आला तरी बाइट पाइपमध्ये पडून राहतो, पोल लगेच उठतो. हाक हवेत विरत नाही, दाराशी चिठ्ठी होऊन थांबते. पी-सिलेक्ट वापरता आलं असतं, लिनक्सचा सिग्नल-एफडीही होता. पण मला तो पाइप आवडला, कारण एसट्रेसमध्ये तो बाइट जाताना आणि येताना डोळ्यांनी दिसतो.

पुढे भाषा बदलल्या, तरी हा ४ पाठ सोडेना. पायथॉनच्या ३.५ आवृत्तीने २०१५ मध्ये बहुतेक कॉल आतल्या आत पुन्हा करायला सुरुवात केली, आणि माझी कितीतरी लूपं पुसता आली. तिथेही हँडलरने अपवाद फेकला तरच मधून बाहेर पडता येतं, म्हणजे ‘थांबायचंय’ हे आपल्याला सांगावंच लागतं. गो भाषेच्या १.१४ आवृत्तीत २०२० साली उलटं झालं. लांबलेल्या गोरुटीनला, म्हणजे गोच्या हलक्या थ्रेडला, मध्येच थांबवायला तिचं रनटाइम स्वतःच सिगअर्ज सोडू लागलं, आणि थेट सिस्टीम कॉल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ४ जास्त दिसू लागला. शेजारच्या टेबलावरचा मुलगा आठवडाभर नेटवर्कला शिव्या देत होता. मी त्याला एरनो छाप म्हटलं.

पण ते नंतरचं. जानेवारीच्या शेवटी मी नवा प्रोग्रॅम घेऊन काट्यावर गेले. या वेळी दिवसा जायची परवानगी होती, तरी रात्री गेले, मामांची पाळी बघून. दोनशे गाड्या झाल्या. मामांचा वेग तोच, प्रिंटर तसाच किरकिरत, लाल डबा नाही. साडेतीनला मी म्हटलं, “मामा, आता मेन पाडून बघायचंय.”

“हंगामात मेन पाडता?”

“केबिनचाच. कारखान्याचा नाही.”

त्यांनी रांगेकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि उठून स्वतः खटका पाडला. यूपीएस बोंबलू लागला. बॅटरी उतरायची वाट न बघता मी बंद व्हायची कमांड दिली. टोकन टाकलेलं होतं, पोल वजनाची वाट बघत होता. एक सेकंद. स्क्रीनवर शिफ्टची बेरीज लिहिल्याची ओळ आली, मग सगळं काळं झालं. मी टॉर्च मारून वहीत बरोबरची खूण केली.

बाहेर काट्यावर एक भरला ट्रॅक्टर उभा होता. त्याने हॉर्न दिला, मागच्याने दिला, त्याच्या मागच्याने दिला.

“मॅडम,” अंधारात मामा म्हणाले, “हे परत चालू व्हायला किती वेळ?”